शब्दचर्चा : औट, अडीच, दीड

प्रश्न : 'औट घटकेचं राज्य' यातला 'औट' म्हणजे नेमकं काय? थोडा वेळ टिकणारं, हा भावार्थ कळतो. पण हल्ली कुणी 'आउट घटकेचं' असंही लिहितं. शब्द इंग्रजीतून आलाय का?

उत्तर : नाही, इंग्रजीशी त्याचा काही संबंध नाही. औट म्हणजे साडेतीन. घटका 24 मिनिटांची, म्हणजे औट घटका 84 मिनिटांच्या. संतवाङ्मयात देहाला 'औट हात' म्हणतात तेही साडेतीन हात याच अर्थानं. जुन्या अपूर्णांकांच्या पाढ्यांत दिडकी, अडीचकी यांच्यापुढे औटकी असायची.

शब्दाची घडण फार सुंदर आहे. संस्कृत 'अर्धचतुर्थ', त्याचं प्राकृत 'अद्धुट्ठ' आणि पुढे औट. अर्धचतुर्थ म्हणजे ज्यातला चौथा अर्धाच आहे, तीन मात्र पुरते आहेत. अडीच याच साच्यातला, 'अर्धतृतीय'पासूनचा: दोन पुरते, तिसरा अर्धा. दीडमध्येही दुसरा अर्धा. अशोकाच्या रूपनाथ इथल्या शिलालेखात 'अढतियानि' हा शब्द येतो. अडीच वर्षं, असं राजा स्वतःच्या उपासकपणाबद्दल सांगतो. त्याच लेखात पुढे दीडपटीची गोष्ट आहे. इ.स.पूर्व तिसऱ्या शतकातले हे शब्द आपण आज सहज बोलतो, याचं मला खरंच अप्रूप वाटतं.

साडेचार, साडेपाच यांची रीत वेगळी. साडे म्हणजे 'सार्ध', अर्ध्यासह. तिथे आधी पुरते मोजायचे आणि वर अर्धा ठेवायचा. अडीचमध्ये आपण येणाऱ्या आकड्याकडे तोंड करून मोजतो.

प्रश्न : मग दीड-अडीच हे फक्त आपल्याकडचं वैशिष्ट्य का? इंग्रजीत तर असा एकही शब्द आठवत नाही.

उत्तर : आजच्या इंग्रजीपुरतं बरोबर, पण जगात हे बऱ्याच ठिकाणी आहे. रशियन 'पलतरा' म्हणजे दीड, शब्दशः अर्धा दुसरा. जर्मन 'आंडरटहाल्ब' तसाच. त्यातला 'आंडर' आज 'इतर' असला तरी पूर्वी त्याचा अर्थ दुसरा असा होता.

रोमन लोकांचं 'सेस्टर्शियस' हे नाणं मूळचं अडीच 'अस' किमतीचं ('अस' हे त्यांचंच एक लहान नाणं). नावाची फोड 'सेमिस' (अर्धा) आणि 'टर्शियस' (तिसरा), म्हणजे थेट आपलं अर्धतृतीय! त्याची लिहायची खूण मात्र दोन उभ्या रेघा आणि पुढे 'सेमिस'चं आद्याक्षर, म्हणजे दोन आणि अर्धा. एकाच नाण्याचं नाव अडीचच्या रीतीचं आणि खूण साडेच्या रीतीची. पुढे किंमत चार अस झाली, नाव तेच राहिलं.

सगळ्यात मजेशीर डॅनिश. 50 ला ते 'हालत्रेस' म्हणतात. मूळ लांब शब्दात अर्धा-तिसरा गुणिले वीस, म्हणजे अडीच विसा. 70 म्हणजे 'हालफ्येर्स', अर्धा-चौथा गुणिले वीस. मराठीत सांगायचं तर औट विसा! 60 हे साधे तीन विसा. तिथेही सुटा अडीच बोलण्यातून गेला, पण पन्नासच्या पोटात टिकला. आपला औट वाक्प्रचारात टिकला, तसंच.

घड्याळाच्या बाबतीत तर हे रोज उपयोगी पडतं. जर्मन माणूस 'हाल्ब द्राय' म्हणाला तर अडीच वाजता पोहोचायचं. 'द्राय' म्हणजे तीन हे ऐकून साडेतीनला गेलात तर तासभर उशीर. उलट ब्रिटिश बोलण्यातला 'हाफ थ्री' म्हणजे साडेतीन. स्पेनमधल्या कॅटलान भाषेत अडीचला 'तिसऱ्याचे दोन पाव' अशा धर्तीवर सांगतात, म्हणजे तिसरा तास चालू आहे आणि त्याचे दोन पाव भरलेत.

प्रश्न : एवढं साम्य म्हणजे सगळं एकाच मूळ भाषेतून आलं असणार ना?

उत्तर : तेवढ्यानं भागत नाही. हंगेरियन आणि फिनिश या भाषा आपल्या कुळातल्या नाहीत. तरी हंगेरियन 'माशफेल' आणि फिनिश 'पुओलितोइस्ता' दोन्हींचा अर्थ दीड, दोन्हींत 'दुसरा' आणि 'अर्धा', आणि दोन्हीकडे 'अर्धे तीन' म्हणजे अडीच वाजले. मोजायची रीत शेजाऱ्याकडूनही उचलली जाते, म्हणून नुसत्या साम्यावरून कूळ ठरवू नये.

प्रश्न : साडेतीनऐवजी औट लिहिलं तर चालेल?

उत्तर : 'औट वाजले' कुणाला कळणार नाही. औट घटका, औट हात एवढ्यातच तो आता उरलाय. साडेनं त्याची जागा घेतली, पण खालच्या बाजूला साडेची धाव तीनपाशीच थांबते. लहान मूल 'साडेदोन' म्हणालं की आजही घरातलं कुणीतरी लगेच 'अडीच म्हण' असं सांगतंच.