रक्ताच्या स्लाइडवरचा परजीवी ओळखायला मदत हवी आहे (तातडीचं)

जांभळी_स्लाइड: नागपुरात एम.एस्सी. प्राणिशास्त्र करतो. जिम्सा रंगानं रंगवलेल्या स्मीअरमध्ये (काचेवर पसरलेल्या रक्ताच्या पातळ थरात) तांबड्या पेशींच्या आत लांबट जांभळं काहीतरी दिसून राहिलं आहे. प्रजाती (जीनस) कोणती लिहू, मलेरियावाला प्लास्मोडियम की गोचिडांतून पसरणारा बाबेसिया? उद्या सकाळी रेकॉर्ड द्यायचं आहे. लवकर सांगा.

गोठा_वर्धारोड: गायीला लघवी लाल होते का? मग बाबेसियाच. आमच्या जर्सीला झाला होता, वेळेवर इंजेक्शन मिळालं म्हणून वाचली. आधी गोचीड काढा.

सेमिनरी_हिल्स: रक्त कोणाचं? किती पट मोठं करून पाहिलं? फोटो?

जांभळी_स्लाइड: कबुतराचं. सगळ्या बॅचला कबुतरंच होती. ऑइल इमर्शन, १००० पट. मोबाईल आयपीसवर नीट बसत नाही.

सेमिनरी_हिल्स: हे आधीच काहून नाही सांगितलं? कबुतरात पहिला संशय हिमोप्रोटिअस कोलम्बीचा. त्याचा गॅमेटोसाइट (परजीवीची लैंगिक अवस्था) तांबड्या पेशीच्या केंद्रकाला वळसा घालतो, आत सोनेरी-तपकिरी रंगद्रव्याचे दाणे असतात. बाबेसियात रंगद्रव्य नसतं. आणि पेशीत परजीवीची विभागणी चाललेली दिसली तर प्लास्मोडियम; हिमोप्रोटिअस ते काम रक्तात करत नाही, फुप्फुसातल्या रक्तवाहिन्यांच्या अस्तरात करतो. पिसांत चपटी माशी होती का? तीच याला पसरवते.

डीएनए_शिवाय_नाही: नुसत्या आकारावर जाऊ नका. सायटोक्रोम बी जनुकाचा पीसीआर (डीएनए चाचणी) करा. नावंही बदलतात: मलेरियावर काम करणाऱ्या रोनाल्ड रॉसनं १८९८ मध्ये कलकत्त्यात पक्ष्यांत पाहिलेला परजीवी, प्रोटिओसोमा, आज प्लास्मोडियममध्ये गेला आहे.

सेमिनरी_हिल्स: नाव बदललं, पण रॉसला जे दिसलं ते खोटं ठरलं का? मिश्र संसर्गात तुमचा पीसीआर कधी कधी एकच परजीवी दाखवतो, दुसरा सुटतो. आणि उद्या सकाळपर्यंत पीसीआर कोण करून देणार आहे?

डीएनए_शिवाय_नाही: मग जाती (स्पीशीज) लिहू नका, प्रजातीवर थांबा. एवढंच म्हणणं आहे.

धरमपेठ_तिसरा_मजला: कबुतरांनी गॅलरीत बसणं मुश्कील केलं आहे बाप्पा. नायलॉनची जाळी लावून घ्या, आम्हाला फरक पडला.

जांभळी_स्लाइड: माशी पाहिली नव्हती. आता ५० फील्ड मोजले. दाणे आहेत, वळसाही आहे, विभागणी एकातही नाही. फक्त 'हिमोप्रोटिअस' लिहितो. गण आणि कुल?

सेमिनरी_हिल्स: गण हिमोस्पोरिडा, कुल हिमोप्रोटिइडी. आकृतीत पेशीचं केंद्रक दाखवायला विसरू नको.