परळला ड्युटी, घर बदलापूरला. काय करू?

मी स्टाफ नर्स आहे, नोकरी परळला. दुपारची शिफ्ट ८ ला संपते पण हँडओव्हर होईपर्यंत साडेआठ, मग गाडी, मग रिक्षा, घरी पोचते तेव्हा मुलगी झोपलेली असते आणि डब्यातली भाजी तशीच उरलेली. परळला वन रूम किचनचं भाडं आणि डिपॉझिट ऐकूनच परत फिरले. क्वार्टर्स मागितले तर वेटिंग म्हणाले, दोन वर्षं झाली. पास परवडतो हो, पण शरीर परवडत नाही आता. कोणी मार्ग काढलाय का?

हार्बरवाली:
ताई, सेंट्रल लाईन सोडा, हार्बर लाईनला घर बघा. शिवडीला उतरलं की परळची हॉस्पिटलं जवळ आहेत. मी मानखुर्दला राहते, भाडं दादर-परळपेक्षा पुष्कळ कमी आहे. ११ महिन्यांचं ॲग्रीमेंट रजिस्टर करूनच घ्या, तोंडी काही ठेवू नका.

वॉर्डबॉय_लालबाग:
म्हाडाच्या सरकारी घरांचा फॉर्म भरताच ना? मुंबईत नवरा-बायकोचं मिळून वर्षाचं उत्पन्न ६ लाखांपर्यंत असेल तर अत्यल्प गट, ९ पर्यंत अल्प. लॉटरीच आहे, पण दरवेळी भरा. रात्री उशिरा सुटणाऱ्यांचे हाल तर विचारूच नका, शेवटची लोकल चुकली की पहाटे चारपर्यंत स्टेशनवरच बसायचं.

प्रश्न विचारणारी:
शिवडीचं डोक्यातच आलं नव्हतं. रविवारी सुट्टी आहे, मिस्टरांना घेऊन मानखुर्दला चक्कर मारते. मुलीची शाळा मात्र मार्चपर्यंत हलवता येणार नाही.