‘आउटक्राय’ : आरडाओरडा, जनक्षोभ की लिलाव?

अनुवादिका

नमस्कार. बाजारांच्या इतिहासावरील काही इंग्रजी लेखांचा मी मराठी अनुवाद करीत आहे आणि ‘आउटक्राय’ या शब्दापाशी अडले आहे. एका लेखात सरकारी निर्णयाविरुद्ध ‘पब्लिक आउटक्राय’ झाल्याचे म्हटले आहे. तेथे ‘जनक्षोभ’ चालून जातो. दुसऱ्या लेखात शिकागोच्या वायदेबाजारातील सौदे ‘ओपन आउटक्राय’ने होत असत, असे वाक्य आहे आणि तेथे क्षोभाचा काहीच संबंध दिसत नाही. तिसऱ्या लेखात अमेरिकेतील जॉर्जिया राज्यातील एक जाहीर नोटीस उद्धृत केली असून, कर्ज थकलेले घर न्यायालयाच्या दारासमोर ‘पब्लिक आउटक्राय’ने विकले जाईल, असे तीत म्हटले आहे. कोशात ‘आरडाओरडा, गलका, गदारोळ’ हे अर्थ सापडतात. पण घर गदारोळाने विकले, असे कसे लिहावे? हे तिन्ही अर्थ एकाच मुळातून आले आहेत का, आणि प्रत्येक ठिकाणी मराठीत काय योजावे?

जुनी पोथी

मूळ एकच आहे. ‘आउट’ म्हणजे बाहेर आणि ‘क्राय’ म्हणजे ओरडणे. हा दुसरा शब्द जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत आला आणि त्याचा माग लॅटिनपर्यंत लागतो. रोमन पंडित वारो याने त्या लॅटिन क्रियापदाचा अर्थ ‘नगरवासीयांना मदतीसाठी हाका मारणे’ असा लावला होता. ही व्युत्पत्ती सर्व अभ्यासकांना मान्य नाही. तरीही शब्दाचा स्वभाव तिने नेमका पकडला आहे. ‘स्क्रीम’ म्हणजे किंकाळी. ती ऐकायला कोणी नसले तरी फुटते. ‘आउटक्राय’ला मात्र ऐकणारा समुदाय लागतो. चारचौघांत, सर्वांना ऐकू जाईल अशा रीतीने उच्चारलेले ते ओरडणे असते, मग ते अन्यायाविरुद्ध असो की भाव पुकारण्यासाठी असो.

तिसरा अर्थ आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. कंपनीच्या काळात हिंदुस्थानातील इंग्रज लिलावालाच ‘आउटक्राय’ म्हणत असत. यूल आणि बर्नेल यांच्या 1886 सालच्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ या कोशात त्याची स्वतंत्र नोंद असून, इंग्लंडमध्ये हा अर्थ मागे पडल्यानंतरही हिंदुस्थानात तो बराच काळ टिकून राहिला, असा शेराही तेथे आहे. त्याच नोंदीतून वाचकाला ‘नीलाम’कडे पाठवलेले आहे. तो ‘नीलाम’ आणि आपला ‘लिलाव’ हे दोन्ही शब्द पोर्तुगीज ‘लैलाँव’वरून आले आहेत. तेव्हा जॉर्जियाच्या नोटिशीसाठी ‘जाहीर लिलाव’ हेच योग्य. अमेरिकेच्या दक्षिणेकडील काही राज्यांच्या कायद्याच्या भाषेत तो जुना प्रयोग अजून जिवंत आहे, एवढेच.

दलाल स्ट्रीटचा जुना कारकून

अनुवादिकाताई, शिकागोपर्यंत जाण्याची गरज नाही. मुंबई शेअर बाजारात 1995 पर्यंत हीच पद्धत होती. दलाल आणि त्यांचे अधिकृत कारकून ‘रिंग’मध्ये, म्हणजे सौद्यांसाठी राखलेल्या मोकळ्या जागेत, उतरत, आणि जॉबर, म्हणजे स्वतःच्या खात्यावर घेणारा-विकणारा दलाल, एकाच शेअरचे दोन भाव पुकारत असे, एक घेण्याचा आणि एक विकण्याचा. सौदा तोंडी पटला की दोन्ही बाजू आपापल्या सौदा वहीत टिपून घेत आणि त्या नोंदींची जुळवणी नंतर होई. बाहेरून पाहणाऱ्याला तो निव्वळ गोंगाट वाटे. परंतु त्या गोंगाटालाच नियम होता. भाव कुजबुजून एकाच्या कानात सांगायचा नाही, उपस्थित सर्वांना ऐकू जाईल असा पुकारायचा, म्हणजे त्याहून चांगला भाव देऊ इच्छिणाऱ्याला मध्ये पडण्याची संधी मिळते. ‘ओपन’ या विशेषणाचा अर्थ तेथे आहे. गोंगाटात आवाज पोहोचत नसे म्हणून शिकागोत हातांच्या खुणाही रूढ झाल्या : तळहात स्वतःकडे म्हणजे खरेदी, समोरच्याकडे म्हणजे विक्री.

1994 साली राष्ट्रीय शेअर बाजाराने संगणकाच्या पडद्यावरील व्यवहार सुरू केले, पुढच्याच वर्षी मुंबई शेअर बाजाराने ‘बोल्ट’ ही संगणकीय प्रणाली आणली आणि रिंग शांत झाली. शिकागोत वायद्यांचे बहुतेक ‘पिट’, म्हणजे तेथील रिंगा, 2015 मध्ये बंद झाले. लंडनच्या धातुबाजारात मात्र लाल आसनांच्या वर्तुळात बसून भाव पुकारण्याची प्रथा महासाथीत खंड पडूनही 2021 मध्ये पुन्हा सुरू झाली. प्रत्येक धातूसाठी पाच-पाच मिनिटांची सत्रे असतात. माझ्या मते येथे ‘खुली पुकार पद्धत’ असे लिहावे. ‘खुला लिलाव’ म्हटल्यास विकणारा एक आणि घेणारे अनेक असे चित्र उभे राहते, आणि रिंगमध्ये तर दोन्ही बाजूंना अनेक असतात.

निफाडकर

वरील मताशी सहमत आहे. फक्त शेतमालाच्या बाजाराचे उदाहरण जोडतो, कारण ‘ओपन’चे महत्त्व तेथे अधिक स्पष्ट दिसते. पूर्वी अनेक ठिकाणी ‘हत्ता’ पद्धत चालत असे : अडत्या आणि खरेदीदार कापडाखाली एकमेकांची बोटे धरून भाव ठरवत आणि ज्याचा माल, तो शेतकरी शेजारी उभा राहूनही अंधारात राही. त्याला पर्याय म्हणून बाजार समित्यांत ‘उघड लिलाव’ सक्तीचा करण्यात आला. लासलगावला कांद्याच्या ट्रॅक्टरभोवती व्यापारी मोठ्याने बोली लावतात, ती त्याचीच रीत आहे. ‘ओपन’साठी ‘उघड’ हा कायद्यात आणि शेतकऱ्याच्या तोंडी रुळलेला शब्द आपल्याकडे आहेच. मग शेअर बाजारासाठीही ‘उघड पुकार’ म्हणायला काय हरकत आहे?

अनुवादिका

सर्वांचे आभार. ‘उघड पुकार’ मला अधिक आवडले. आता पहिल्या अर्थाविषयी विचारते. ‘पब्लिक आउटक्राय’ला ‘जनक्षोभ’ म्हणावे, की ‘जनआक्रोश’? आणि ‘आउटरेज’ला काय राहते?

तळटीप

‘आउटरेज’ म्हणजे मनातील संताप आणि ‘आउटक्राय’ म्हणजे त्याचा उच्चार. म्हणून ‘क्षोभ’ पहिल्यासाठी राखावा. ‘आक्रोश’ शब्दशः जवळचा असला तरी मराठीत तो शोकाकडे झुकतो, आणि ‘जनआक्रोश मोर्चा’च्या फलकांनी त्याला आणखी भडक केले आहे. ‘बोंबाबोंब’ तर मुळीच नको. तीत तक्रार करणाऱ्याविषयी तुच्छता आहे. इंग्रजीत ‘ह्यू अँड क्राय’ या जोडशब्दाची आज तशीच अवस्था झालेली आहे. 1285 च्या विंचेस्टरच्या कायद्यानुसार ती हाकाटी ऐकताच चोराच्या पाठलागात सामील होणे गावकऱ्यांचे कर्तव्य होते. आज मात्र तो शब्दप्रयोग बहुधा नाहक आरडाओरड्यासाठी वापरला जातो. ‘आउटक्राय’ला तसा हिणकस वास नाही.

शिवाय त्यात प्रत्यक्ष आवाज असलाच पाहिजे असेही नाही. मथुरा नावाच्या आदिवासी मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आरोपी पोलिसांना निर्दोष सोडल्यानंतर 1979 मध्ये उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले, त्यातून देशभर निषेध उभा राहिला आणि 1983 मध्ये बलात्कारविषयक कायद्यात दुरुस्ती झाली. इंग्रजी लेखनात या सर्व घडामोडींना ‘पब्लिक आउटक्राय’ म्हटलेले आढळते, आणि त्यांची ठिणगी एक पत्र होते. येथे ‘गदारोळ’ किंवा ‘गलका’ लिहिल्यास अन्यायच होईल. अशा ठिकाणी मी ‘तीव्र जनविरोध’ किंवा ‘लोकांनी आवाज उठवला’ असे लिहितो. दुसरा पर्याय वाक्यात अधिक सहज बसतो.

जुनी पोथी

एक भर. फारसीत ‘फर्याद’ म्हणजे मुळात मदतीसाठी मारलेली हाकच. आपल्याकडे तिची ‘फिर्याद’ होऊन ती पोलीस ठाण्याच्या कागदावर गेली. ‘आउटक्राय’साठी तो शब्द आता वापरता येणार नाही, हे मला ठाऊक आहे, पण त्याची जागा रिकामी आहे याची हळहळ वाटते.

तळटीप

व्याकरणाचा एक मुद्दा राहिला. ‘आउटक्राय’ नाम म्हणून येतो तेव्हा आघात पहिल्या अवयवावर असतो. क्रियापद हवे असेल तेथे इंग्रज लेखक ‘क्राय आउट’ असे सुटे लिहितात. ‘आउटक्राय’चे क्रियापद क्वचितच भेटते आणि त्याचा अर्थ ‘दुसऱ्यापेक्षा मोठ्याने ओरडणे’ असा होतो. तुमच्या लेखांत ते आढळले, तर तेथे यांपैकी एकही पर्याय लागू पडणार नाही.