मदत हवी आहे: माझी चाल ‘नाही’ गिळून टाकतेय

स्वतःच्याच चार ओळींना चाल लावतोय, एका ओळीशी अडलोय. ओळ साधी: ‘मी परत येणार नाही’. गुणगुणताना छान वाटली, म्हणून मोबाईलवर रेकॉर्ड करून बहिणीला ऐकवली. ती म्हणाली, "वा, कोण येतंय परत?"

मग नीट ऐकलं. ‘मी परत’ला स्वर चढत जातात, ‘येणार’च्या ‘णा’वर वरचा सा, तोही बरोब्बर समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, दोन मात्रा. ‘नाही’ मात्र खालच्या दोन स्वरांत घाईघाईने उरकतं. तोवर श्वासही संपत आलेला. शब्द नकार देतायत आणि चाल हाका मारतेय!

मराठीत नकार वाक्याच्या शेपटाला येतो आणि ओळ संपताना सूर बहुधा उतरतात, तिथेच गोची आहे. कोमल स्वर घालून पाहिले. ओळ उदास झाली, पण उदासपणे ‘येणार’च म्हणते. शब्द बदलू की चाल?

दुसऱ्या ओळीत उलटंच झालंय. ‘सांज उतरली, पाखरू उडालं’: ‘उतरली’ला खाली, ‘उडालं’ला वर. थेट बालवाडीतलं हातवाऱ्यांचं गाणं वाटतं.

प्रतिसाद १
हँडल या युरोपीय संगीतकाराच्या ‘मसाया’ या धार्मिक गायनरचनेत (१७४१) असं शब्दाशब्दाला केलंय. दऱ्या उंचावतील म्हणताना सूर चढतात, ‘वाकडं’ दोन स्वरांत हेलकावतं, ‘सपाट’ला स्वर लांब धरलेला. तरी हसू येत नाही, कारण त्या ओळीचा मुद्दाच उंचसखल सारखं होण्याचा आहे. तुमच्या ओळीत महत्त्वाचं काय, पाखरू की मागे उरलेली फांदी? फांदी असेल तर ‘उडालं’ खालीच राहू द्या.

प्रतिसाद २
शब्दांना हात लावू नका. ‘येणार’ समेआधी संपवा, सम रिकामी सोडा, ‘नाही’ त्यानंतर, एकाच स्वरावर. ‘ना’ ताणा, ‘ही’ ताणलंत तर आळवणी होईल. आणि ‘परत’चा ‘र’ ओढू नका, स्वयंपाकघरातली परात ऐकू येते.

धागाकर्ता
परात! खरंच तसंच गात होतो. सम रिकामी सोडली तर बहिणीला वाटलं मी ओळ विसरलो. मग तिथे पेटीवर नुसता सा धरला आणि ‘नाही’ ऐकू आलं. पाखरू अजून अडलंय; फांदीचं पटलं, पण ‘उडालं’ खाली घेतलं की ते पडल्यासारखं वाटतं.