जांभ्याच्या मातीत क्रशरची भुकटी घालू का?

लांजेकर
नमस्कार मंडळी. आमचं घर लांज्याजवळ, सड्यावर, म्हणजे जांभ्याच्या कातळावर. परसात तांबडी माती आणून १० बाय ४ फुटांचे सहा वाफे केलेत. तीन वर्षं शेणखत आणि पाचोळा घालतोय. अळू, तोंडली मजेत आहेत, पण टोमॅटोच्या फळांची बुडं काळी पडतात आणि वांग्याची खालची पानं पिवळी होतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. माती तपासून घेतली, सामू (pH) ५.२ आला, म्हणजे आंबट.

परवा मेहुण्याने खडीच्या क्रशरवरून दोन पोती काळी कच आणून टाकली. म्हणे दगडात सगळी खनिजं असतात. आई म्हणते, "जन्मभर वाफ्यातले दगड वेचले, आता दगडच पेरा!" कोणाचं ऐकू?

सोलापूरकर
दादा, मी हे करून बसलोय. आमची काळी चुनखडीची जमीन, सामू ८ च्या वर, ढेकळावर व्हिनेगर टाकलं तर फसफसतं. तिच्यात चार पोती कच मिसळली. ढिम्म फरक नाही. नंतर डोक्यात प्रकाश पडला, की आमची माती झालीये ती याच दगडाची! उसाच्या फडात साखर पेरण्यातला प्रकार. रॉक फॉस्फेटही (स्फुरद, म्हणजे फॉस्फरस असलेल्या दगडाची पूड) घातलं होतं, तेही तसंच पडून, कारण ते विरघळायला आंबट माती लागते. तुमच्याकडचं मात्र मला सांगता येणार नाही.

देवगडची बागवाली
लांजेकर, तुमच्याकडचं गणित उलटं आहे. जांभासुद्धा बहुतेक ठिकाणी मूळचा हाच काळा दगड. लाखो वर्षांच्या पावसाने त्यातला चुना (कॅल्शियम), मॅग्नेशियम, सिलिका धुऊन नेली. मागे राहिलं लोह आणि अ‍ॅल्युमिनियम, म्हणून तो तांबडा. तेव्हा भुकटी घालणं म्हणजे वाहून गेलेलं थोडंफार परत आणणं. मेहुण्याचा मुद्दा अगदीच वेडगळ नाही.

पण कच म्हणजे भुकटी नव्हे. हाताला रेतीसारखी लागणारी कच विरघळायला वर्षानुवर्षं लागतील. जुन्या साडीतून गाळा आणि खाली पडेल तेवढीच वापरा. गाळताना नाकातोंडाला फडकं बांधा, ती धूळ छातीत जाऊ देऊ नका. वाफ्याला अर्धं घमेलं पुरे, तीही शेणखतात मुरवून. दगड कुजवायला जिवाणू लागतात, नुसत्या मातीत तो सुस्त पडतो.

यंदाच्या टोमॅटोला मात्र तिचा उपयोग शून्य. काळी बुडं कॅल्शियम कमी पडल्याची खूण, त्यातही पाणी कधी भरपूर, कधी नाही असं असेल तर जास्त. वांग्याच्या पानांवरून मॅग्नेशियमची शंका येते. दोन्हींवर डोलोमाइट, म्हणजे मॅग्नेशियमवाला चुना, वाफ्याला साधारण पाऊण किलो, लावणीच्या महिनाभर आधी. त्याच वेळी ताजं शेण किंवा युरिया घालू नका, नत्र अमोनिया होऊन उडतं. तांबड्या मातीतलं लोह स्फुरदही धरून ठेवतं. त्यासाठी रॉक फॉस्फेट. सोलापूरकरांकडे जे पडून राहिलं ते तुमच्या ५.२ मध्ये हळूहळू सुटेल. चुन्यासोबत एकाच दिवशी नको, आधी हे, चुना नंतर.

आणि पालाशची (पोटॅशची) अपेक्षा या दगडाकडून ठेवू नका, त्याच्यात फारसं नसतंच. चुलीची राख टाका, मूठभरच.

सोलापूरकर
ताई, मग माझी चार पोती देवगडला पाठवू का? भाडं तुमचं.

लांजेकर
ताई, आभार. कालच गाळायला बसलो. दोन पोत्यांतून जेमतेम दोन घमेली निघाली, म्हणजे सहापैकी चारच वाफे. डोलोमाइट राजापूरच्या बाजारात बघतो. पाणी मी खरंच आठवण होईल तेव्हा घालतो, हे बायकोने वाचून दाखवलं.

उरलेली कच आईने न्हाणीघराबाहेरच्या चिखलात पसरली. म्हणाली, "ही तरी कामाला आली."