मदत हवी आहे: लॅपटॉपच्या कडेची कुठली खाच कशाची?

नमस्कार मंडळी. लेकीने तिचा जुना लॅपटॉप मला दिलाय. ती पुण्याला, मी दादरला. फोनवर ती म्हणते, "आई, डावीकडची टाइप-सी बघ," आणि मला तिथे एकसारख्या दोन दिसतात! बँकेत संगणकावर काम केलंय, पण वायरी जोडायला तेव्हा माणूस यायचा.

डावीकडे चार्जरचं गोल भोक, एक रुंद खाच (खालचे दोन कोपरे तिरके कापल्यासारखे) आणि लंबगोल दोन. एकीजवळ विजेची खूण, दुसरीजवळ त्रिशूळ. उजवीकडे पेन ड्राइव्ह जातो ती चौकोनी, आत निळी. हेडफोनचं भोक ओळखलं. त्याच्यामागे एक बारकी खाच आहे, तिच्यात धातूचं काहीच दिसत नाही. ती कशाची? आणि लग्नाचे फोटो टीव्हीवर दाखवायचेत, तर वायर कुठे लावू?

प्रतिसाद १
ताई, वर्णन इतकं नेमकं केलंत की फोटोची गरजच नाही. कोपरे कापलेली खाच एचडीएमआयची. टीव्हीच्या मागे अगदी तशीच असेल. दोन्हीकडे तीच वायर लावा आणि टीव्हीच्या रिमोटवर सोर्स बदला. चित्र आणि आवाज दोन्ही एकाच वायरीतून जातात.

लंबगोल दोन्ही टाइप-सीच, पिन उलटसुलट कशीही बसते. पण आकार सारखा म्हणून काम सारखं असेलच असं नाही. विजेची खूण म्हणजे बहुधा थंडरबोल्ट (खूप वेगवान जोडणीचा प्रकार), त्यातून पडद्यावर चित्रही पाठवता येतं. नुसता त्रिशूळ असेल तर फाइलींची ने-आण नक्की होते, बाकीचं कंपनीच्या माहितीपत्रकात बघावं लागेल. विजेची खूण बघून चार्जिंगचं भोक समजणारे पुष्कळ भेटतात. निळी खाच बहुधा यूएसबी ३ (जुन्या यूएसबीपेक्षा वेगवान), फोटोंचा पेन ड्राइव्ह तिथेच लावा.

ती बारकी खाच कुलपाची. ऑफिसात लॅपटॉप टेबलाला बांधून ठेवायला पोलादी तारेचं कुलूप मिळतं, ते तिथे अडकतं. घरी तिचा काही उपयोग नाही. सिमची समजून पिन खुपसू नका, एवढंच.

धागाकर्ती
टीव्हीवर फोटो आले! शेजारच्या वहिनीही बघायला बसल्या. आता आणखी एक. पोटाला लांब जाळी आहे आणि बिजागरीजवळ दुसरी. गादीवर ठेवला की पंखा घोंघावतो. बिघडलाय का?

प्रतिसाद २
पंखा बिघडलेला नाही, गुदमरतोय. खालच्या जाळीतून थंड हवा आत येते, बिजागरीजवळून गरम बाहेर पडते. गादीने खालची वाट बंद होते. जेवणाचा पाट घ्या, त्यावर ठेवा. चार रबरी पाय आहेत ना, ते हवेला जागा राहावी म्हणूनच. एखादा निघाला तर लॅमिंग्टन रोडवर मिळेल. कॅमेऱ्याच्या वर सरकपट्टी आहे का तेही बघा. व्हिडिओ कॉलवर पडदा काळाच दिसला तर आधी ती सरकवा, मग लेकीला फोन करा.

आणि पावसाळ्यात एसी लोकलमधून नेलात तर घरी पोचल्यावर लगेच सुरू करू नका. गार झालेल्या धातूवर दमट हवेचं पाणी धरतं. पिशवीतच अर्धा तास राहू द्या.

धागाकर्ती
सरकपट्टी सापडली. बंदच होती!