एबोनाइटचं ड्रॉपर पेन थंडीत ओकतं, मेमध्ये नाही. असं का? (मदत हवी आहे)

नमस्कार मंडळी,

फाउंटन पेनवाले इथे बरेच आहेत, एकदोघे स्वतः पेन कातणारेही आहेत असं जुन्या धाग्यांवरून दिसलं, म्हणून विचारतोय.

मी सोलापूरचा. अक्कलकोट रोड एमआयडीसीत मेहुण्याचं छोटं वर्कशॉप आहे, यंत्रमागाचे सुटे भाग करून देतात. सुट्टीच्या दिवशी लेथ रिकामा असतो, त्यावर तिथल्या मिस्त्रींना गळ घालून मी एबोनाइटची पेनं करतो. हौस म्हणून, विकायची नाहीत. एबोनाइट म्हणजे भरपूर गंधक घालून कडक केलेलं रबर. कातताना त्याची लांबच लांब काळी फीत निघते आणि गंधकाचा असा वास सुटतो की घरी गेल्यावर आधी आंघोळ, मग चहा.

पेन ड्रॉपरचं आहे, म्हणजे आत ट्यूब वगैरे काही नाही, शाई थेट बॅरलमध्ये. बॅरल बाहेरून १३ मिमी, आतलं भोक ९ मिमी, खोली ६० मिमी. साधारण पावणेचार मिली शाई मावते. निब ६ नंबरची, जीभही (निबखालची, शाई निबपर्यंत आणणारी पट्टी) एबोनाइटची. आट्यांना सिलिकॉन ग्रीस लावलंय.

आता दुखणं. बॅरल भरलेली असेपर्यंत पेन लोण्यासारखं चालतं. शाई तिसऱ्या हिश्शावर आली की लिहिता लिहिता निबमधून टपकन मोठा थेंब पडतो. सोलापुरात टॉवेलला तोटा नाही हे खरं, पण घरातला प्रत्येक टॉवेल निळा झाल्यावर बायको विचारणारच.

ज्याला सांगावं तो म्हणतो, "सोलापूरचं ऊन, दुसरं काय!" पण मेमध्ये पारा ४२ वर असताना, पंख्याखाली घामाघूम होऊन लिहिताना, हेच पेन एक थेंब सांडत नाही. उलट निब वाळते, पहिलं अक्षर उमटत नाही. ओकतं ते गड्ड्याच्या (जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेच्या) दिवसांत, सकाळी गच्चीवर लिहायला बसलो की. मिस्त्रींनी भिंग लावून आटे तपासले. "सर, आट्यातनं थेंब बी येत नाही की ओ, सगळं निबातनंच येतंय," हे त्यांचं निदान, आणि ते बरोबर आहे.

तर प्रश्न असे. थंडीतच का? बॅरल बदलावी की जीभ? आणि जाता जाता: टोपणाचे आटे एकसरी (एकच सलग आटा) आहेत, उघडायला फिरवत बसावं लागतं. तीनसरी (तीन आटे शेजारी शेजारी, टोपण लवकर उघडतं) आट्यांचा टॅप-डाय, म्हणजे आटे पाडायची हत्यारं, फार महाग पडतोय. दुसरा काही मार्ग?

जाणकारांनी प्रकाश टाकावा.

प्रतिसाद: निळीदौत

सोपा उपाय, ड्रॉपर सोडा आणि कन्व्हर्टर (बॅरलच्या आत बसणारी, शाई ओढून घेणारी छोटी नळी) लावा. तिरुवळ्ळूरच्या 'रंगा' कंपनीची एबोनाइटची पेनं तशीही मिळतात. कन्व्हर्टरमध्ये शाई जेमतेम पाऊण मिली, हवाही तेवढीच कमी, ओकायला काही उरतच नाही.

प्रतिसाद: धागाकर्ता

धन्यवाद, पण पाऊण मिली शाईसाठी एवढी जाड बॅरल कातायची म्हणजे जिवावर येतं. ड्रॉपर वाचवता आला तर बघायचंय.

प्रतिसाद: मिलीमीटर

दादा, मिस्त्रींना माझा नमस्कार सांगा, अर्धं काम त्यांनीच केलंय.

ऊन किती आहे याला महत्त्व नाही. पेन आणि हात यांच्या तापमानात फरक किती, त्यावर सगळं ठरतं. जानेवारीत सकाळी तुमच्या गच्चीवर १५ अंश धरा. बॅरलमधली हवाही १५ ला. तुम्ही पेन मुठीत धरलंत, हाताच्या ऊबेने ती हवा ३३ पर्यंत गेली, तर ती साधारण सहा टक्के फुगते. शाई तिसऱ्या हिश्शावर म्हणजे आत हवा अडीच मिली. तिचे सहा टक्के ०.१५ मिली, म्हणजे चांगले तीन थेंब. तेवढी शाई निबकडे ढकलली जाते. जिभेच्या खाचा थोडी झेलतात, पण आपल्याकडच्या ड्रॉपर पेनांच्या जिभेला खाचा कमीच असतात. उरलेली तुमच्या वहीवर.

मेमध्ये खोलीच ३८ ला असते, तळहात त्याहून थंड. हवा फुगणार कशाने? म्हणून तेव्हा पेन शहाण्यासारखं वागतं. मात्र एसीतून पेन बाहेर आणलंत तर मेमध्येही हाच प्रकार होईल, करून बघा.

बॅरल बदला, जीभ राहू द्या. भोक ९ ऐवजी ७ मिमी ठेवलंत तर भिंत दोनाची तीन मिमी होते. एबोनाइट उष्णता सावकाश पुढे सोडतं, त्यामुळे जाड भिंतीचा फायदा होतोच, आणि हवाही कमी मावते. शाई सव्वादोन मिलीच्या आसपास बसेल, ती कन्व्हर्टरच्या तिप्पट.

तोवर हातातल्या पेनासाठी: थंडीत लिहायच्या आधी निब वर करून बॅरल दोनतीन मिनिटं मुठीत धरा. शाई खाली, हवा वर, त्यामुळे फुगलेली हवा निबमधून नुसतीच निघून जाते. मग लिहायला घ्या.

तीनसरी आट्यांसाठी डायच्या मागे लागू नका. लेथवर एका दाताच्या टूलने पाडता येतात. १३ मिमीला ०.८ मिमी पिच (शेजारच्या दोन आट्यांमधलं अंतर) ठेवा, लेथला लीड (एका फेऱ्यात टूल पुढे सरकतं ते अंतर) २.४ लावा. एक सर पाडून झाली की वरची स्लाइड ०.८ ने पुढे घ्या, दुसरी पाडा, पुन्हा ०.८, तिसरी. मात्र स्लाइड बेडला अगदी समांतर लावलेली हवी, नाहीतर सरी उथळ-खोल होतात. टोपणाच्या आतले आटे जास्त त्रास देतील. बारीक बोअरिंग टूल धार लावून ठेवा, एबोनाइट साध्या टूलची धार लवकर मारतं.

प्रतिसाद: निळीदौत

हिशोब पटला. माझी कन्व्हर्टरची सूचना मागे घेत नाही, पण पुढेमागे तसं केलंत तर एक लक्षात असू द्या. जोवो आणि बॉक या दोन जर्मन निब कंपन्या. जोवोच्या ६ नंबरच्या निब युनिटचे आटे ७.४ मिमीचे, बॉकचे ७.५ चे, पिच दोन्हींची ०.५. डोळ्यांना फरक कळत नाही, टॅप चुकीचा मागवला की कळतो.

प्रतिसाद: धागाकर्ता

मिलीमीटरसाहेब, आज पेन मुद्दाम फ्रिजमध्ये ठेवून काढलं आणि निब खाली करून मुठीत धरलं. बघता बघता थेंब पडला. पुन्हा गार करून निब वर धरली, मग लिहिलं, तर काही नाही! मिस्त्रींना दाखवलं तर ते म्हणाले, "मग सात मिमीचं ड्रिल काढतो की."

आता एकच शंका. ७ मिमीचं भोक ६० मिमी खोल घेताना ड्रिल तापून आतून एबोनाइट मऊ पडेल का? साबणाचं पाणी मारत मारत, दर पाचसहा मिमीला ड्रिल बाहेर काढून भुसा झटकायचा, असं मिस्त्रींचं मत आहे.

प्रतिसाद: मिलीमीटर

मिस्त्रींचं ऐका. फक्त आधी ५ चं ड्रिल घाला, मग ७ चं. आणि पॉलिश झालेलं पेन गच्चीवर उन्हात विसरू नका, एबोनाइटचा काळा रंग उन्हाने हिरवट-तपकिरी पडतो.